नाच शेजारच्या अंगणात

नमस्कार. प्रास्ताविकात 'सिनेमा हा समाजाचा आरसा' हे वाक्य तीनदा आलं. बोलणारे माझे मित्र आहेत, म्हणून मी गप्प बसलो. पत्रिकेवर विषय छापलाय 'मुक्तीनंतरचा गोवा आणि रुपेरी पडदा'. त्याच्याकडे वळतोच. पंचेचाळीस मिनिटं दिली आहेत, अध्यक्षांनी घड्याळ काढून समोर ठेवलंय. पण आधी माझं एक जुनं तुणतुणं आहे ते वाजवून घेतो, कारण घरी आता ते कोणी ऐकत नाही.

सिनेमा आरसा असता, तर समोर बसलेला माणूस त्यात दिसला असता. मला पडद्यावर कायम शेजारी दिसतो. जे आपल्याला करावंसं वाटतं, पण आपण केलं असं कोणी म्हटलेलं चालत नाही, ते सगळं आपण शेजाऱ्याकडून करवून घेतो. दारू त्याने प्यायची, नाच त्याच्या पोरीने करायचा, तिकीट आपण काढायचं. शेवटी 'काय हे लोक' म्हणून उठायचं, ते परत येत्या रविवारी यायला. तो शेजारी कोण नेमलाय, यावरून तिकीट काढणाऱ्याची परीक्षा होते.

आता आमच्या काकीची गोष्ट. अर्ध्या सभागृहाने ती ऐकलेली आहे. त्यांनी पुन्हा ऐकावी, दरवेळी थोडी वाढलेली असते.

आमचं घर फोंडा तालुक्यात. भोवताली पोफळी, मागे डोंगर. समुद्र बघायचा तर बसने जावं लागतं. एकदा मुंबईहून एक शूटिंगवाली कंपनी आली. नाव सांगत नाही, पैसे त्यांनी वेळेवर दिले. त्यांना 'खरं गोव्याचं घर' हवं होतं. कौलं, सोपो, खांब बघून माणूस खूश झाला. मग अंगणात आला आणि तुळशीवृंदावनापुढे थबकला. 'ये हट सकता है क्या?' काका म्हणाले, घर हलवा, ते हलणार नाही. मग तोडगा निघाला. वृंदावनाभोवती प्लायवूडचा खोका ठोकला, पांढरा रंग मारला, वर थर्माकोलचा खुरीस, म्हणजे क्रूस, बसवला. बेतुलहून टेंपोत घालून एक होडी आणली आणि पोफळीच्या कुळागरात उभी केली. खांबाखांबावर जाळी टांगली. शेजारचे मास्तर, शाळेत मराठी शिकवणारे, दरवर्षी पंढरपूरची वारी करणारे, त्यांना पट्ट्यापट्ट्यांचा बनियन घालून 'पीटर' केलं. गळ्यातली तुळशीची माळ बनियनच्या आत. हातात बाटली, बाटलीत कोरा चहा. मास्तरांना झुलायला सांगितलं, तर ते टाळ धरल्यासारखे झुलले. डायरेक्टर म्हणाला, परफेक्ट.

संध्याकाळ झाली. बाहेर त्यांना हवा तो सोनेरी उजेड उतरला होता, पाच-दहा मिनिटं टिकणारा. आणि काकी समई घेऊन बाहेर आली. 'म्हाका दिवो लावपाचो आसा.' युनिटमधला पोरगा हात जोडून, 'आंटी, पाँच मिनट'. काकी म्हणाली, 'तिनसांज तुज्या पांच मिण्टांखातीर रावची ना.' सगळं थांबलं. शेवटी सुताराने खोक्याला मागच्या बाजूने झडप कापून दिली. काकी रोज झडप उघडायची, आत दिवा ठेवायची, हात जोडायची, झडप लावायची. बाहेरून खुरीस, आत तुळस. दुसऱ्या दिवशी कॅमेरामनला फळीच्या फटीतून उजेडाची रेघ दिसली. ती त्याला एवढी आवडली की शॉटमध्ये ठेवली. पुढे तो सिनेमा टीव्हीवर लागला तेव्हा काकी एवढंच म्हणाली, 'रंग बरो मारिल्लो.'

हसा, पण गैरसमज नको. २०११च्या जनगणनेत गोव्यात ६६ टक्के हिंदू आणि २५ टक्के ख्रिस्ती होते. तरी हिंदी सिनेमातल्या गोव्यात कितीतरी वर्षं तुळस उगवलीच नाही, हे खरं. पण म्हणून मी गळा काढत नाही. खरी तक्रार माझ्या ख्रिस्ती मित्रांची आहे. आमची नुसती तुळस झाकली. त्यांचे डॉक्टर, पाद्री, मास्तर, जमीनदार भाटकार, त्यांच्या जमिनीवर राहणारे मुंडकार सगळे झाकून एकच बेवडा बाहेर ठेवला.

तो का ठेवला? दारूबंदीचा कायदा मुंबई राज्यात १९४९ साली आला. आपल्याकडे, पोर्तुगीज राजवटीत, तसलं काही नव्हतं. म्हणजे जी शहरं सिनेमा काढत आणि बघत होती, तिथल्या सभ्य माणसाला पडद्यावर खुशाल पेला उचलता येत नव्हता. उचलला तर तो देवदास, दुःखातच प्यायला हवा. आनंदात पिणारा माणूस हवा असेल तर तो परका हवा. तो जॅक ब्रगांझाच्या रूपाने मिळाला. 'बॉबी', १९७३, प्रेमनाथ. मला तो आवडतो, लपवत नाही. त्या सिनेमातल्या श्रीमंत बापापेक्षा हा मासेवाला बाप शंभर पटींनी माणूस आहे. पण त्याच्या हातातला पेला प्रेक्षकांच्या वतीने आहे.

आणि त्याच सिनेमातलं ते 'घे घे'चं गाणं आठवा. त्याचं मूळ आपलं कोकणी देखणी गीत, म्हणजे नाचत म्हणायचं गाणं, 'हांव सायबा पलतडीं वैतां', सायबा, मी पलीकडच्या तीराला जाते. त्यात नदीकाठी उभी असलेली बाई कोण? दामूच्या लग्नाला निघालेली कलावंतीण, म्हणजे हिंदू नाचणारीण. नावाड्याला ती आपले दागिने देऊ करते. आणि देखणी कोणाची? ख्रिस्ती समाजाची. त्यांच्या मुली साडी नेसून, गजरा माळून हिंदू नर्तकी होत आणि नाचत. म्हणजे सासष्टीतल्या घरांनी आपला नाच हिंदूंच्या देवळापुढे नेऊन ठेवला होता. मुंबईच्या सिनेमाने तोच उचलला आणि ख्रिस्ती कोळ्याच्या अंगणात आणला. एकाच चालीने दोनदा अंगण बदललं. या व्याख्यानातली एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी मानधन वसूल समजा. मानधन म्हणजे शाल आणि नारळ, पण तरी.

इथून मंगेशी, मंगेशकरांचं मूळ गाव, जवळ आहे म्हणून सांगतो. हिंदी सिनेमात सोज्ज्वळ नायिका गाते तेव्हा आवाज बहुधा लताबाईंचा. १९७१च्या 'कारवाँ'त हेलन नाचते, कोणी 'मोनिका' म्हणून हाका मारतं, तेव्हा आवाज आशाबाईंचा. दोघी दीनानाथांच्या मुली. समाजाने चांगली बाई आणि वाईट बाई अशा दोन खोल्या केल्या आणि दोन्हींचं भाडं एकाच घराला दिलं. 'इंतकाम'मध्ये लताबाईंनी हेलनसाठी गायलंय, मला ठाऊक आहे, पहिल्या रांगेतले हात खाली घ्या. आणि मोनिका, रोझी, लिली अशा नावांच्या बायांमागे व्हायोलिन, ट्रंपेट वाजवणारे किती तरी जण सासष्टी-बार्देसचे. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन केलं. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि गुरूचं नाव गाण्यात अमर झालं ते १९७७ साली, 'अमर अकबर अँथनी'त, अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अमिताभच्या तोंडी. या विषयावर मी दोन तास...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अध्यक्ष, यात चहाची पाच धरली आहेत ना? बरं.

मग मराठी सिनेमा झटकन. आपण सोवळे नाही. 'सांगत्ये ऐका' १९५९चा, 'पिंजरा' १९७२चा. आपला शेजारी तमाशाच्या फडात राहत होता. 'पिंजरा'त बिघडतो कोण? मास्तर. बिघडवते कोण? नाचणारी. त्या काळी थिएटरात बसलेले मास्तर किती आणि फडावरच्या बाया किती, हिशेब करा. ज्यांनी तिकिटं काढली त्यांना निर्दोष सोडलं गेलं.

आता पत्रिकेवरचा विषय. मुक्तीनंतर कोकणीत 'आमचें नशीब' १९६३ साली आला, 'निर्मोण' १९६६ साली. 'निर्मोण'वरून हिंदीत 'तकदीर' निघाला. १९६९चा 'सात हिंदुस्तानी', अमिताभचा पहिला, त्यात निरनिराळ्या प्रांतांतले वीर गोवा सोडवायला येतात. यातल्या प्रत्येकावर माझ्याकडे टिपणं आहेत, ती पिशवीतच राहणार.

१९९१नंतर हिंदी नायिका स्वतःच्या लग्नात, सासूसमोर नाचायला लागली. नायक आनंदात प्यायला लागला. शेजाऱ्याची गरज संपली, म्हणून गोव्याचा ख्रिस्ती माणूस पडद्यावरून गेला आणि नुसता किनारा उरला. 'दिल चाहता है'मधला गोवा आठवून बघा. मुंबईची तीन पोरं शापोराच्या किल्ल्यावर बसलेली. गोंयकार कुठे आहे? सैफला लुबाडणारी पोरगीसुद्धा परदेशी.

मग २०१५चा हिंदी 'दृश्यम'. मूळ मल्याळम सिनेमा २०१३चा, केरळातला. त्याचा नायक जॉर्जकुट्टी, ख्रिस्ती. कुटुंबाला घेऊन तो ध्यानकेंद्रावर गेल्याचं सांगतो. हिंदीवाल्यांनी गोष्ट गोव्यात आणली, आणि ख्रिस्ती नायकासाठी सगळ्यात सोयीच्या जागी आणून त्याचा विजय साळगावकर केला. ध्यानकेंद्राचा पणजीतला सत्संग झाला. आता देशभर ज्याच्यासाठी जीव हळहळावा तो बाप हिंदूच हवा, असं कोणाला तरी वाटलं. काकीचा खोका उलटा बसवला. घर मात्र तेच हवं होतं, कौलांचं.

आणि शेवटचं. 'पलतडचो मनीस', म्हणजे पलीकडचा माणूस, कोकणी सिनेमा, २००९, लक्ष्मीकांत शेटगावकरांचा, महाबळेश्वर सैलांच्या कादंबरीवरचा. टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात समीक्षकांचं पारितोषिक मिळालं, इथे किती जणांनी पाहिला ते विचारत नाही. त्यात किनारा नाही, फेणी नाही. रानातला एक वनरक्षक वेड्या बाईला आसरा देतो आणि गाव खवळतं. माझ्या म्हणण्याला हा एक सिनेमा बसत नाही. दिग्दर्शकाने शेजारी नेमलाच नाही, कॅमेरा आपल्याच वाड्यावर लावला. खवळणारे ते गावकरी आपण आहोत.

नाहीतर आपण काय करतो? गेल्या चवथीला भाच्याने मोबाइलवर रील दाखवली. आपल्याच पोरांनी बनवलेली, हसून हसून मुरकुंडी वळली. त्यात कळंगुटला पिऊन गाडी वाळूत रुतवणारा कोण? दिल्लीवाला. रस्त्यावर थुंकणारा? घाटी. आणि गोंयकार? तो बापडा बाजूला उभा राहून मान हलवतोय. कोऱ्या चहाची बाटली आता आपण पर्यटकाच्या हातात दिली. आपल्या तालुक्यातले बार मग कोणाच्या जिवावर चालतात, हे विचारायला दिल्लीला जावं लागेल.

अध्यक्ष उभे राहिले. प्रश्न चहाच्या वेळी विचारा. चहाच आहे, आयोजकांनी मला दोनदा बजावलंय.