रिक्षावरचा भोंगा आणि तुमची रील

आवाज येतोय ना मागे? हां. तर मी काही अभ्यासक वगैरे नाही, निवडणूक लागली की प्रचाराची गाणी लिहून द्यायची आणि आमच्या दहा बाय बाराच्या स्टुडिओत रेकॉर्ड करायची हे माझं काम, म्हणजे सकाळी सकाळी रिक्षावरच्या भोंग्यानं तुमची झोप मोडली असेल तर ते गाणं माझं असू शकतं, त्याबद्दल आधीच सॉरी.

आता खरं सांगायचं तर अशा गाण्यानं कुणाचं मत फिरतं असं मला वाटत नाही. गाणं चिन्ह कानात बसवतं, बास. 'ताई माई अक्का, विचार करा पक्का' हे तुमच्या आईवडलांना पाठ असेल, त्याच्या पुढे चिन्ह आणि मग 'शिक्का' यायचा. मशीन आलं, शिक्का गेला, तरी यमक सोडवेना म्हणून लोक अजून शिक्काच मारायला सांगतात.

२०२४च्या लोकसभेला देशात पहिल्यांदा मत देणारे सुमारे १.८ कोटी होते, त्यामुळे सगळ्यांचा डोळा तुमच्यावर. उमेदवाराची पोरं येतात आणि म्हणतात, दादा मुखडा-अंतरा नको, तीस सेकंदांचं द्या, आधी बीट पडू दे, साहेबांचं नाव मागनं आलं तरी चालेल. पूर्वी तीन अंतरे असायचे, त्यातला एक तरी रस्ता-पाणी-शाळेचा, तो आता कुणी मागतच नाही, आणि मीही लिहीत नाही, कशाला उगाच.

पण गंमत अशी की पैसे देऊन केलेलं गाणं पोरं स्वतःहून फारसं उचलत नाहीत. ऑगस्ट २०२२मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदारांनी 'पन्नास खोके, एकदम ओके' सुरू केलं, खोके म्हणजे कोटी, शिंदे गटाच्या आमदारांनी पैसे घेतल्याचा टोमणा, ना संगीत ना गायक, नुसता ठेका, आणि त्याच महिन्यात पोळ्याला ते बैलांच्या पाठीवर रंगवलेलं दिसलं! एप्रिल २०२३मध्ये खोक्यांवर रॅप करणाऱ्या एका पोरावर गुन्हाही दाखल झाला. माझ्या गाण्यावर आजवर कुणी साधी तक्रार केलेली नाही, म्हणजे बघा.

संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर हे शाहीर गायचे तेव्हा गाणं हीच सभा असायची. अण्णा भाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड, म्हणजे लावणीच्या अंगाचं गाणं, ऐका. सुरुवातीला बायको गावाकडे राहिलेल्या माणसाचा विरह, बायकोचं वर्णन, तरुण पोरगा त्यालाच भुलून थांबणार, मग मुंबईतली वणवण येते आणि शेवटी कळतं की ताटातूट नुसती नवराबायकोची नाही, बेळगाव-कारवारचीही आहे. तोवर तो पोरगा पुरता अडकलेला असतो. मला हे जमत नाही, तीस सेकंदांत तर नाहीच नाही.

आणि कानात बसलेलं कधी उलटतं तेही सांगतो. फेब्रुवारी २०२४मध्ये शरद पवारांच्या पक्षाला नवं चिन्ह मिळालं, तुतारी वाजवणारा माणूस. चिन्हातच वाद्य, आमच्यासारख्याला अजून काय पाहिजे! 'रामकृष्ण हरी, वाजवा तुतारी', भजनाच्या अंगानं जाणारं, म्हाताऱ्यांनाही येतं आणि पोरांनाही. पण मशीनवर अपक्षांना दिलेल्या ट्रम्पेटचं, म्हणजे आपल्या पिपाणीचं नावही मराठीत 'तुतारी' असंच होतं. लोकसभेला साताऱ्यात पवारांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे पडले ३२,७७१ मतांनी, आणि पिपाणीवाल्या अपक्षाला पडली ३७,०६२. ती सगळी चुकूनच गेली असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही, पण पक्षाचं म्हणणं तेच होतं, आणि मला ते पटतं, कारण आम्ही गाण्यात माणूस गाळून नुसती तुतारीच ठोकत होतो.

मग विधानसभेला त्याच चिन्हाच्या एका उमेदवाराची पोरं आली, म्हणाली दादा यावेळी पूर्ण नाव घाला. 'तुतारी वाजवणारा माणूस'. तुम्हीच म्हणून बघा, कुठल्या ठेक्यात बसतंय का. कोळीगीताच्या चालीत घातलं, हलगीवर घातलं, रॅप करून बघितलं, माणूस प्रत्येक वेळी बाहेरच लटकायचा. शेवटी रात्री दोनला ढोलकीवाल्याला म्हटलं तू थांब जरा, आणि मधेच संगीत बंद करून ते नाव नुसतं बोलून टाकलं, रेल्वे स्टेशनवर अनाउन्समेंट करतात तसं.