नवी फास्ट सेडान येतेय? किमतीआधी तिचं वजन विचारा!

नमस्कार मंडळी!

नवी परफॉर्मन्स सेडान येणार अशी कुणकुण लागली की दोन प्रश्नांवरून वाद पेटतो. कितीला येणार? आणि त्यात काय काय मिळणार? कंपनी अजून गाडीवरचं कापड अर्धंच सरकवत असते आणि इकडे लोक किमतीचे अंदाज बांधून एकमेकांशी भांडूनही मोकळे होतात. मला हे भांडण मनापासून आवडतं. चार दारं, मोठी डिकी, मागे तीन माणसं आरामात, आणि तरीही स्पोर्ट्स कारला घाम फोडणारी गाडी! तिच्यावर जीव टाकणारे लोक आहेत म्हणून ती टिकून आहे. पण या चर्चेत एक आकडा कायम मागे राहतो. माझं म्हणणं असं की सगळ्यात आधी तोच विचारायला हवा. वजन.

का, ते बीएमडब्ल्यूच्या एम५ या फास्ट सेडानवरून सांगतो.

[स्क्रीनवर: एफ९० आणि जी९० शेजारी शेजारी, खाली आकडे]

२०१७ मध्ये जी एम५ आली, तिचं कंपनीतलं सांकेतिक नाव एफ९०. ४.४ लिटरचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, त्यात हवा दाबून भरणारे दोन टर्बो, ६०० हॉर्सपॉवर. शून्य ते ताशी शंभर किलोमीटर ३.४ सेकंदांत. मग २०२४ मध्ये तिची वारस आली, जी९०. इंजिन त्याच घराण्यातलं, सोबतीला इलेक्ट्रिक मोटर आणि बॅटरी. दोन्ही मिळून ७२७ हॉर्सपॉवर आणि १००० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर. आकडे ऐकूनच अंगावर काटा येतो. आता शून्य ते शंभर बघा: ३.५ सेकंद.

सव्वाशेहून जास्त हॉर्सपॉवर वाढली, आणि कंपनीच्याच आकड्यांनुसार सुरुवातीची झेप तसूभरही वाढली नाही. कारण नवी गाडी जुनीपेक्षा जवळपास अर्धा टन जड आहे. युरोपात चालकाला धरून वजन मोजतात, त्या हिशोबाने ती २,५१० किलो भरते. सेडान आहे ही, मंडळी!

आता किंमत. अमेरिकेत एफ९० एम५ची सुरुवातीची किंमत होती १,०२,६०० डॉलर. जी९०ची १,१९,५००. म्हणजे साधारण साडेसोळा टक्के वाढ. लोक यावरून खूप चिडले. पण त्याच काळात अमेरिकेतली महागाई पंचवीस टक्क्यांहून जास्त वाढली. म्हणजे पैशाची घसरलेली किंमत धरली, तर नवी एम५ जुनीपेक्षा थोडी स्वस्तच पडते. ‘लुटतायत’ हा आरोप इथे टिकत नाही. गाडी महाग झाली ती किलोंमध्ये, आणि राग काढायचाच असेल तर तो तिथे काढा.

अर्थात बॅटरीने काही दिलंच नाही असं मी म्हणणार नाही. टर्बोला दाब तयार करायला जो क्षणभर लागतो, तो मोटर भरून काढते, त्यामुळे पाय दाबला की ओढ लगेच जाणवते. शिवाय साठ-पासष्ट किलोमीटर ही गाडी इंजिन सुरू न करता जाऊ शकते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे युरोपातले उत्सर्जनाचे नियम. तिथे कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी काढतात आणि मर्यादा ओलांडली की दंड बसतो. प्लग लावून चार्ज होणारी हायब्रिड गाडी या मोजणीत फार कमी उत्सर्जन दाखवते. आठ सिलिंडरचं इंजिन आज जिवंत आहे, त्यात या बॅटरीचा मोठा वाटा आहे. मला व्ही८ हवं आहे, म्हणून ही तडजोड मी समजू शकतो.

मर्सिडीजच्या वेगवान गाड्या बनवणाऱ्या एएमजीने दुसरी वाट धरली. त्यांच्या सी६३ सेडानचं ४ लिटरचं व्ही८ काढलं, त्या जागी २ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आणि मागच्या बाजूला मोटर. ताकद ५१० वरून ६८० वर गेली, वजन दोन टनांच्या पुढे. कागदावर सगळं वाढलं, पण ज्यांच्यासाठी ही गाडी बनते ते चाहतेच नाराज झाले. त्यांना आवाज हवा होता, इंजिनाचा स्वभाव हवा होता. फीचर्सच्या यादीत या गोष्टींचा रकानाच नसतो.

आता वजनाचा त्रास नक्की कुठे होतो? सरळ रस्त्यावर फारसा होत नाही, तिथे ताकद वजनाला झाकून टाकते. त्रास होतो ब्रेक दाबल्यावर आणि वळणावर.

थोडं गणित करूया. गाडीतली गतिज ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत. शंभरच्या वेगाला जेवढी ऊर्जा असते, त्याच्या चौपट दोनशेला. साधारण २,४०० किलोची गाडी दोनशेच्या वेगावरून थांबवायची, तर ब्रेकना जवळपास ३७ लाख ज्यूल ऊर्जा गिळावी लागते. ब्रेक दाबताना मोटर जी ऊर्जा बॅटरीत परत पाठवते, ती सध्या बाजूला ठेवू. एवढ्या ऊर्जेत अकरा लिटर गार पाणी उकळतं! आणि हे चार डिस्कना काही सेकंदांत करायचंय. पुढचं वळण आलं की पुन्हा. १,९०० किलोच्या गाडीत हाच भार वीस टक्क्यांनी हलका होतो.

म्हणून ऑप्शन्सच्या यादीत कार्बन-सिरॅमिक ब्रेक असतात, म्हणजे ज्यांची डिस्क लोखंडाऐवजी कार्बन-सिरॅमिकची असते, आणि त्यांचे हजारो डॉलर वेगळे मोजावे लागतात. इथे एक गैरसमज पक्का बसलाय. सिरॅमिक ब्रेक लावले म्हणून गाडी पहिल्याच ब्रेकला कमी अंतरात थांबत नाही, कारण ते अंतर टायरची पकड ठरवते. सिरॅमिकचा फायदा दहाव्या, पंधराव्या ब्रेकला दिसतो. डिस्क कितीही तापली तरी पेडल तसंच घट्ट राहतं. शिवाय त्या डिस्क हलक्या असतात, त्यामुळे चाकाचं वजन घटतं आणि सस्पेन्शनचं काम सोपं होतं. ट्रॅकवर जाणार असाल तर घ्या. नसाल तर त्या पैशांत उत्तम टायरचे कितीतरी सेट येतील, आणि गाडीत रोज जाणवेल असा फरक टायरनेच पडतो.

मग कोणी हलकी सेडान बनवतच नाही का? कॅडिलॅक सीटी५-व्ही ब्लॅकविंग बघा. ६.२ लिटरचं सुपरचार्ज्ड (इंजिनाच्याच जोरावर चालणाऱ्या पंपाने हवा भरणारं) व्ही८, ६६८ हॉर्सपॉवर, ताकद फक्त मागच्या चाकांना. वजन साधारण १,८७० किलो. आणि सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स मूळ किमतीतच! ऑटोमॅटिक हवा असेल तर वरचे पैसे. २०२२ चं मॉडेल म्हणून आली तेव्हा अमेरिकेत किंमत होती ८५ हजार डॉलरच्या आत. आतल्या सजावटीत ती जर्मन गाड्यांची बरोबरी करत नाही, हे तिचे चाहतेही मान्य करतात. मला चालतं. माझे पैसे क्लचला आणि स्टिअरिंगला लागलेले मला जास्त आवडतात.

वजन कमी करणं किती महाग असतं, हे बीएमडब्ल्यूनेच २०२१ च्या एम५ सीएसमध्ये दाखवलं. कार्बन फायबरचं बॉनेट, हलक्या सीट, मागे तीनऐवजी दोनच आसनं, सिरॅमिक ब्रेक गाडीसोबतच. एवढं करून गाडी एम५ कॉम्पिटिशन या एम५च्याच जास्त ताकदीच्या आवृत्तीपेक्षा सुमारे ७० किलो हलकी झाली. किंमत? अमेरिकेत १,४२,००० डॉलर, म्हणजे कॉम्पिटिशनपेक्षा साधारण तीस हजार जास्त. आणि तरीही चाहते तिच्यावर फिदा. ७० किलोंना इतका मान असेल, तर अर्धा टन वाढल्यावर आपण गप्प का बसावं?

फीचर्सबद्दल माझा एक नियम आहे. जे नंतर बसवता येतं किंवा बदलता येतं, त्यावरून वाद घालू नका. टायर, ब्रेक पॅड, चाकं, हे सगळं पुढे बघता येतं. गिअरबॉक्स, वजन, मागची चाकं वळतात की नाही, सस्पेन्शन एअर आहे की स्प्रिंगचं, हे जन्मतःच ठरतं. किंमत जाहीर होण्याआधी बोलायचं ते यावर.

आणि बोलून उपयोग होतो बरं का! व्ही१०, म्हणजे दहा सिलिंडरच्या इंजिनाची जुनी एम५, सांकेतिक नाव ई६०, आली ती सात गिअरच्या एसएमजी गिअरबॉक्ससह. त्यात क्लच यंत्रच सांभाळतं, क्लच पेडल नाहीच. अमेरिकेतल्या चाहत्यांनी लावून धरलं, आणि कंपनीने उत्तर अमेरिकेसाठी सहा गिअरचा मॅन्युअल दिला. अगदी अलीकडे, २०२२ मध्ये, बीएमडब्ल्यूने काही देशांत सीट गरम करण्यासाठी महिन्याची वर्गणी लावली होती. हीटर गाडीत बसवलेला, वायर जोडलेली, तरी दर महिन्याला पैसे. लोकांनी इतका विरोध केला की पुढच्याच वर्षी कंपनीने ते थांबवलं. त्यामुळे नव्या गाडीची यादी आली की हेही बघा, कुठलं फीचर तुमचं आहे आणि कुठलं भाड्याने.

शेवटचा मुद्दा, पहिल्या दिवशी बुकिंग करायला निघालेल्यांसाठी. टेस्लाची इलेक्ट्रिक सेडान मॉडेल एस प्लेड २०२१ मध्ये ग्राहकांच्या हातात पडायला लागली तेव्हा अमेरिकेत तिची किंमत होती १,२९,९९० डॉलर. हजारावर हॉर्सपॉवर, त्यामुळे उड्या पडल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये तीच नवी कोरी गाडी ८९,९९० ला मिळत होती. चाळीस हजारांचा फरक, तोही दोन-अडीच वर्षांत, आणि सुरुवातीला घेतलेल्यांच्या जुन्या गाडीची किंमतही त्याच दिवशी खाली आली. मर्यादित संख्येत बनणाऱ्या, मॅन्युअलवाल्या गाडीसाठी घाई केलीत तर मी समजू शकतो, कारण ती पुन्हा मिळेलच असं नाही. बाकीच्यांसाठी एक वर्ष थांबा, तोवर खऱ्या चाचण्या येतात आणि काट्यावरचं खरं वजनही कळतं.

कमेंटमध्ये मला एवढं सांगा: शंभर किलो कमी होणार असतील, तर तुम्ही तुमच्या सेडानमधलं कुठलं फीचर सोडाल? मसाज सीट, काचेचं छत, की ती बॅटरीच?