पोट भरतं, पण अंग धरत नाही

नमस्कार मंडळी! जेवणाच्या आधी माईक माझ्या हातात दिलाय म्हणजे कार्यकारिणीने भलताच भरोसा टाकलाय, पटकन आवरतो.

मघाशी टेबलांवर कागदाची एकेक पट्टी ठेवली ना, ती साडेअकरा सेंटीमीटरची आहे. टोकं जुळवून गोल करा बघू. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराचा दंड त्या गोलात आरामात मावला तर ते पोर अतिकुपोषित, लगेच उपचार. गरीब देशांत आरोग्यसेविका अशीच रंगीत पट्टी घेऊन फिरतात, आईलाही मोजता येतं, मशीन लागत नाही की काही नाही.

आता सगळीच पोरं काही उपाशी नसतात. पोट भरतं, पण कशाने, तर मका नाहीतर कसावा नावाचा कंद, रोज तेच. धान्य काय, वाळवलेला कंद काय, टिकतं, पोत्यात भरून कुठेही नेता येतं म्हणून स्वस्त पडतं. दूध, अंडी, भाज्या यांना रस्ता पाहिजे, वीज पाहिजे, थंडावा पाहिजे, तो नाही म्हणून निम्मा माल वाटेतच सडायची भीती आणि उरलेला महाग. 2024 मध्ये जगात सुमारे 260 कोटी लोकांना पौष्टिक आहार परवडत नव्हता, सगळ्यात गरीब देशांत तर दहातल्या सात जणांना. आणि आपण काय म्हणतो, की त्यांना शिकवायला पाहिजे! अहो, आईला सगळं कळतं, पैसे पुरत नाहीत.

मला सगळ्यात आवडतं ते रताळ्याचं काम. आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी पांढरं रताळं खातात, त्यात व्हिटॅमिन ए जवळपास नसतंच, आणि ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो, साधा गोवरही जिवावर बेततो. केशरी रताळ्यात मात्र भरपूर, एक छोटं उकडलं की लहान पोराची दिवसाची गरज भागते. पण सुरुवातीचे केशरी वाण पचपचीत होते हो, लोकांना पिठूळ पाहिजे, मग कोण खाणार? मोझांबिकमध्ये मारिया आंद्रादे, युगांडात रॉबर्ट म्वांगा या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं खपून तिथल्या जिभेला रुचतील आणि दुष्काळही सोसतील असे केशरी वाण तयार केले, 2016 चं वर्ल्ड फूड प्राइझ त्यांना मिळालं, जॅन लो आणि हॉवर्थ बुई यांच्यासोबत.

तरी एक अडचण उरतेच. रताळं वेलाच्या तुकड्यांपासून लावतात आणि लांब उन्हाळ्यात वेल वाळून जातो, मग पाऊस पडला तरी लावायला काही नाही. त्यावरचा उपाय अगदी साधा, धड निरोगी छोटी रताळी निवडून टोपलीत कोरड्या वाळूत थर देऊन पुरून ठेवायची, पावसाच्या दीड-दोन महिने आधी घराजवळच्या वाफ्यात लावून पाणी घालत राहायचं. पहिली सर येते तेव्हा वेल कापायला तयार असतो.

चला, ताटं घेऊया.