कित्तूरचं एक्स्चेंज आणि पेठची फायबर

मंडळी, पत्रिकेवर विषय छापला आहे ‘सॅम पित्रोदा आणि खेड्यातलं इंटरनेट’. इंटरनेटकडे येणारच आहे, पण आधी एका टेलिफोन एक्स्चेंजबद्दल सांगू द्या. माझं सगळं म्हणणं त्या एका लोखंडी कपाटात आहे.

पित्रोदांची पार्श्वभूमी तुम्हाला ठाऊक आहे. ओडिशातल्या तितलागडला १९४२चा जन्म, गुजराती कुटुंब, बडोद्याला भौतिकशास्त्र, १९६४ मध्ये शिकागो, आणि तिथे टेलिफोन स्विचिंगमध्ये, म्हणजे एक फोन दुसऱ्याला जोडून देण्याच्या तंत्रात, कमावलेलं नाव. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था उभी राहिली तेव्हा शब्द दिला गेला: ३६ महिने, ३६ कोटी रुपये आणि भारतीय बनावटीचं डिजिटल एक्स्चेंज. तेव्हा फोनला नंबर लावला की मुलगी शाळेत जायच्या आधी लावलेला नंबर तिच्या लग्नात लागायचा. ट्रंक कॉल बुक करून निवांत जेवून घेणारी पिढी समोर बसलेली दिसतेच आहे.

आता ते कपाट. परदेशी बनावटीची मोठी एक्स्चेंजं आपल्या खेड्यात का टिकत नव्हती? त्यांना वातानुकूलित खोली लागायची. खोलीला एसी, एसीला अखंड वीज, वीज गेली की जनरेटर, जनरेटरला डिझेल, आणि डिझेल आणायला माणूस. या साखळीतली एक कडी तुटली की गाव मुकं. दुसरी अडचण फार कमी लोक सांगतात. तिकडे घरटी फोन, म्हणून एका लाइनवर बोलणं बेताचं. आपल्याकडे एका फोनवर अख्खी आळी. कमी वापराच्या हिशोबाने बांधलेलं यंत्र आपल्या गर्दीच्या तासाला गुदमरायचं.

सी-डॉटने ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज, म्हणजे रॅक्स, या दोन्ही अडचणी समोर ठेवून आखलं. १२८ पोर्ट, म्हणजे लाइन जोडायच्या जागा, कमी वीज खाणारे भाग, आणि तयार होणारी उष्णता आपोआप वर जाऊन बाहेर पडेल अशी मांडणी. एसी नको. धूळ, उन्हाळा आणि जाणारी वीज गृहीतच धरलेली. बिघाड झाला तर त्या जागी सोल्डरिंग करत बसायचं नाही, बिघडलेलं कार्ड काढायचं आणि दुसरं बसवायचं. १९८६ मध्ये पहिलं रॅक्स बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला लागलं. राणी चन्नम्मांचं कित्तूर. दिल्ली-मुंबई सोडून पहिला मान त्या गावाला मिळाला, याचं मला अतिशय अप्रूप आहे.

पित्रोदांचा आग्रह होता की दर शंभर माणसांमागे किती फोन हे मोजण्याआधी किती माणसांना फोन गाठता येतो ते पाहा. त्यातूनच एसटीडी-पीसीओचे बूथ देशभर पसरले. रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून बूथबाहेर लागणारी रांग आठवते ना? बूथ देताना अपंगांना प्राधान्य होतं. बूथवाल्याला कमिशन मिळे. मला महत्त्वाचं वाटतं ते हेच. लाइन बंद पडली की त्याचा गल्ला बंद, म्हणून लाइनमनच्या मागे लागणारा एक माणूस प्रत्येक चौकात आपोआप तयार झाला. तक्रार नोंदवणारा, पाठपुरावा करणारा, लाइन सुरू झाल्याची खात्री करणारा. त्याला कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरली. चला, इंटरनेट.

२००५ मध्ये पित्रोदांकडे राष्ट्रीय ज्ञान आयोगाचं अध्यक्षपद, २००९ मध्ये पंतप्रधानांचे सल्लागार, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला, म्हणजे प्रकाशावर माहिती वाहून नेणाऱ्या काचेच्या तारांच्या जाळ्याला, मंजुरी. त्यालाच पुढे भारतनेट म्हणू लागले. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती, प्रत्येकीला १०० एमबीपीएसचा वेग, सुरुवातीचा अंदाज २०,००० कोटी. कल्पना उत्तम होती. अडलं ते एवढ्यावरच की इथे बूथवाल्यासारखा माणूस नव्हता. पंचायतीच्या कुलूपबंद खोलीत बसवलेलं यंत्र बंद पडलं, तर कुणाचाच गल्ला बंद होत नाही.

आणि फायबर कशी मरते ते आकड्यांत बघा. प्रकाशाची घट डेसिबलमध्ये मोजतात; तालुक्याच्या यंत्रापासून गावच्या यंत्रापर्यंत ती साधारण २८ डेसिबलपर्यंत चालते. आपल्या नाशिक जिल्ह्यात पेठ किंवा सुरगाण्याच्या बाजूला २० किलोमीटरची लाइन धरा. काचेतच किलोमीटरला ०.३५ प्रमाणे ७ गेले. एकाचे आठ करणारा स्प्लिटर साडेदहा खातो. दर दोन किलोमीटरला एक जोड, प्रत्येकी ०.१, म्हणजे १. चार कनेक्टर मिळून २. एकूण साडेवीस, शिल्लक साडेसात. आता रस्ता रुंदीकरणाचा जेसीबी आला किंवा नळयोजनेची चर खणली गेली. केबल तुटली की मध्ये नवा तुकडा घालतात, म्हणजे दोन जोड. पावसात, धुळीत, टोक स्पिरिटने नीट न पुसता आणि काटकोनात न कापता घाईने केलेला जोड अर्धा डेसिबल खातो. म्हणजे एका तुटीमागे एक डेसिबल गेला. सात-आठ दुरुस्त्यांत शिल्लक संपते. मग केबल अखंड, यंत्र चालू, तरी यंत्रावरचा दिवा लाल. लोक यंत्राला दोष देतात आणि यंत्र बदलतात. दिवा लालच राहतो.

आपल्याकडे कातळ असल्याने केबलसाठी लागणारी १.६५ मीटरची चर बऱ्याच ठिकाणी पूर्ण खोलीची मिळत नाही. तिथे लोखंडी पाइप किंवा काँक्रीटचं आवरण हवंच. गावच्या यंत्राची बॅटरी तीन-चार वर्षांत बसते, तिच्या बदलीची तरतूद कुणाकडे आहे ते आधी विचारा. एका तुटीने पुढची सगळी गावं अंधारात जातात, त्यावर २०२३च्या सुधारित आराखड्यात रिंग आणली आहे, म्हणजे वाहतूक उलट्या बाजूनेही फिरते. गावातल्या तरुणाला उद्यमी म्हणून जोडण्या देण्याचं कामही त्यातच आहे. बूथवाला परत आला, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र त्याला जोडण्या विकायलाच ठेवू नका, तुटीची नोंदही त्याच्याकडे द्या.

आणखी दोन मिनिटं मागतो. २०२७च्या सिंहस्थासाठी रस्ते खणले जात आहेत. खणण्याआधी ‘कॉल बिफोर यू डिग’ अ‍ॅपवर नोंद करायची असते, ठेकेदाराला ती दाखवायला सांगा. आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर दोन्ही टोकांकडून ओटीडीआर, म्हणजे फायबरमध्ये कुठे किती प्रकाश घटतो ते दाखवणारं यंत्र, लावून घट मोजून घ्या. आधीचा आकडा, नंतरचा आकडा, तारीख आणि जोडाचं ठिकाण, चार रकाने. वही पंचायतीत ठेवा.