लेहमधला पहिला दिवस, नुसतं पडून राहायचं

विमान खाली यायला लागलं तशी आमची सगळी मंडळी खिडक्यांना चिकटली. ज्यांना मधली सीट मिळालेली त्यांचा मोबाईल शेजारच्याच्या नाकासमोर. बाहेर नुसते उघडेबोडके तपकिरी डोंगर, मागे बर्फ, आणि मग अचानक खाली सिंधूच्या काठाने एक हिरवी पट्टी, शेतं, पॉप्लरची सरळसोट झाडं, की लगेच धप्प, उतरलो!

हे लेह. विमानतळाला नाव आहे कुशोक बकुला रिंपोचे यांचं, लामाही आणि लडाखचे खासदारही. उंची साधारण १०,७०० फूट, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट आणि तेही एक पायरी न चढता, बसल्या जागी. गोची तिथेच आहे. दुपारनंतर इथे वारा सुटतो म्हणून विमानं बहुतेक सकाळीच येतात, त्यामुळे आपल्याला रात्री दोनला उठवून पळवलेलं असतं आणि इथे पोचल्यावर टूर मॅनेजर म्हणतो, आता झोपा! आज काहीच प्रोग्रॅम नाही.

आता मराठी ग्रुपला, पैसे भरून आलेल्या, काहीच प्रोग्रॅम नाही हे सांगून बघा.

लोक म्हणतात इथे ऑक्सिजन कमी आहे. खरं तर हवेतलं त्याचं प्रमाण तेवढंच, २१ टक्के, पण हवाच विरळ, त्यामुळे एका श्वासात मुंबईच्या दोन तृतीयांशच ऑक्सिजन मिळतो. बुटाची लेस बांधायला वाकलो आणि उठल्यावर धाप लागली, तेव्हा ते पटलं.

हॉटेलवर "जुले" म्हणून स्वागत झालं (नमस्कार, थँक्यू, बाय, सगळ्याला हाच एक शब्द, आमच्या काकूंनी तो दिवसभर वापरला). प्रीपेडवाल्यांचे फोन मुके, पोस्टपेडवाले एकदम भाव खायला लागले.

आणि एक काका, सगळे झोपलेत बघून, पॅलेसचा फोटो काढायला तीन मजले चढून गच्चीवर गेले. सेंगे नामग्यालच्या काळातला, १७व्या शतकातला नऊ मजली राजवाडा, गावाच्या डोक्यावर, मातीच्याच रंगाचा, फोटो झकास आला. चार वाजता काका डोकं धरून आडवे. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ८६. पुण्यात हा आकडा दिसला असता तर अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली असती, इथे मॅनेजर म्हणाला, पहिल्या दिवशी होतं असं, पाणी प्या, आता उठू नका, आणि दर तासाला येऊन बघत राहिला. रात्री नव्वदला पोचले.

तेवढ्यात कुणीतरी बॅगेतून भडंगाचं पाकीट काढलं, ते उशीसारखं टम्म फुगलेलं. कात्री लावली, फुस्स. काकांनी पांघरुणातूनच हात पुढे केला.