छताकडे बघून खेळणारा हिकारू

(पडद्यावर: ऑनलाइन बोर्ड, कोपऱ्यात छोट्या चौकटीत खेळाडूचा चेहरा)

आधी बोर्ड सोडा, त्याचे डोळे बघा. मान वर, नजर छताकडे, ओठ पुटपुटतायत, आणि घड्याळात उरलेत अकरा सेकंद. मग एकदम मान खाली, टेक्स टेक्स टेक्स असं काहीतरी बडबडत खटाखट सहा चाली, आणि समोरच्याचं घड्याळ शून्यावर. हा हिकारू नाकामुरा. आपल्याकडे ज्या पोरांनी लॉकडाऊनमध्ये चेस डॉट कॉमवर अकाउंट काढलं त्यातल्या निम्म्या पोरांनी बुद्धिबळ आधी याच्या व्हिडिओवर बघितलं असेल, आनंदचे डाव नंतर. मी पण त्यातलाच.

तो काय भारी आहे हे सांगायला हा व्हिडिओ नाही, त्याचे व्हिडिओ ढिगाने पडलेत. मला बघायचंय की ऑनलाइनचा हा राजा नेमका खेळतो कसा, ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चाली, कुठल्या लावतो, आणि हाच माणूस खऱ्या लाकडी पटावर बसला की ऐन वेळेला कुठे अडकतो. आणि त्या अडकण्यात आपल्या नाशिकच्या एका पोराचा मोठा हात आहे, तिथे येऊच.

(पडद्यावर: जुने फोटो)

जन्म 1987 चा, जपानमधल्या हिराकाताचा, दोन वर्षांचा असताना घरचे अमेरिकेला गेले. सावत्र वडील सुनील वीरमंत्री, मूळचे श्रीलंकेचे, स्वतः बुद्धिबळाचे कोच. 2003 मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला आणि बॉबी फिशरचा अमेरिकेतला सगळ्यात लहान ग्रँडमास्टरचा रेकॉर्ड मोडला. पाच वेळा अमेरिकेचा चॅम्पियन. बायोडेटा इथेच थांबवतो, कारण खरं शिक्षण घरात जेवढं झालं तेवढंच इंटरनेट चेस क्लबवर झालं. यूट्यूबवर बुद्धिबळ यायच्या खूप आधी हा मुलगा तिथे रात्र रात्र एक-एक, तीन-तीन मिनिटांचे डाव खेळायचा, आणि त्याची सगळी स्टाइल तिथेच घडली असं माझं मत आहे.

(पडद्यावर: 2008 चा डाव, प्यादी एकमेकांत अडकलेली)

एक डाव सांगतो. 2008, समोर रिब्का, म्हणजे त्या काळातलं सगळ्यात तगडं इंजिन, बुद्धिबळ खेळणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम. तीन मिनिटांचा डाव. इंजिनशी हाणामारी करायला गेलात तर संपलात, ते कॅल्क्युलेशनमध्ये कोणालाच ऐकत नाही. मग या पठ्ठ्याने काय केलं, पट पूर्ण बंद करून टाकला, प्यादी अशी अडकवली की कोणालाच घुसता येईना, आणि मग मागे नुसत्या इकडून तिकडे चाली. इंजिनला वाटतंय आपण पुढे आहोत, म्हणून त्याला बरोबरी नकोय. पन्नास चालींचा नियम (तेवढ्या चालींत काही मारलं नाही, प्यादं हललं नाही तर बरोबरी) जवळ आला की बरोबरी टाळायला ते स्वतःच काहीतरी देऊन बसायचं. असं करत करत 271 चालींपर्यंत डाव गेला आणि नाकामुरा जिंकला, वर शेवटी प्याद्यांचे वजीर करायचे सोडून मुद्दाम उंट करत बसला, निव्वळ चेष्टा.

या एका डावात अख्खा माणूस दिसतो. पोझिशन चांगली का वाईट हा प्रश्न त्याच्यासाठी दुसऱ्या नंबरचा. समोरच्याला कशाचा त्रास होतो हा पहिला. इंजिनला बंद पटाचा त्रास, माणसाला घड्याळाचा.

आता ओपनिंग. याचे ब्लिट्झचे, म्हणजे तीन-पाच मिनिटांचे, डाव काढून बघा, पांढऱ्याकडून पहिली चाल कितीतरी वेळा बी थ्री, म्हणजे वजीराकडच्या घोड्यासमोरचं प्यादं एक घर पुढे. वजीराकडच्या उंटासमोरची वाट मोकळी करायची, उंट बी टू ला आणून बसवायचा, तो तिथून लांबवर ई फाइव्ह आणि जी सेव्हनकडे बघत राहतो. यात कुठला मोठा फायदा नाहीये, कुठलंही इंजिन सांगेल की समसमान आहे. पण समोरच्याने सिसिलियन नावाच्या ओपनिंगच्या पंचवीस चाली पाठ केल्यात ना, त्या सगळ्या पहिल्याच चालीला कचऱ्यात. आता दोघंही कोऱ्या पाटीवर, सगळी मोहरी पटावर, आणि घड्याळ चालू. तिथे याच्याइतक्या वेगाने जगात फार थोडे लोक विचार करतात.

काळ्याकडून जी सिक्स, उंट जी सेव्हन, किंग्ज इंडियन टाइप काहीतरी, की समोरच्याला सेंटर घेऊ दे, मग बघू. किंग्ज इंडियन तर त्याचं जुनं प्रेम. 2010 च्या वर्ल्ड टीम चॅम्पियनशिपला, तुर्कीतल्या बुर्सामध्ये, बोरिस गेलफांडविरुद्ध त्याने काळ्याकडून जो डाव जिंकला तो एकदा नक्की बघा, राजाच्या अंगावर प्यादी सोडून दिलीत नुसती. हा काही ऑनलाइन टाइमपास नव्हता, गेलफांड म्हणजे दोनच वर्षांनी आनंदशी वर्ल्ड चॅम्पियनशिपची मॅच खेळलेला माणूस.

आणि मग बाँगक्लाउड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पहिल्या चालीला राजासमोरचं प्यादं पुढे, दुसऱ्या चालीला राजाच बाहेर. कुठल्याही क्लासमध्ये हे केलंत तर सर कान पिळतील. 15 मार्च 2021 ला एका मोठ्या ऑनलाइन स्पर्धेत तेव्हाच्या वर्ल्ड चॅम्पियन मॅग्नस कार्लसनने याच्यासमोर हेच केलं, यानेही लगेच आपला राजा बाहेर काढला, दोघंही कॅमेऱ्यासमोर हसतायत, राजे पुढे-मागे, पुढे-मागे, बरोबरी. दोघंही आधीच पुढच्या फेरीत गेलेले होते म्हणून चाललं. काही जुन्या लोकांना राग आला होता. मला नाही आला, पण ज्याने पैसे भरून तिकीट काढलं असतं त्याला आला असता हेही खरं.

याचं मूळ जुनं आहे बरं का. 2005 मध्ये, सतरा वर्षांचा असताना, लाकडी पटावर, क्लासिकल, म्हणजे तासन्‌तास चालणाऱ्या, डावात, आपल्या चेन्नईच्या कृष्णन शशिकिरणसमोर याने दुसऱ्याच चालीला वजीर एच फाइव्हला नेला. म्हणजे आपण लहानपणी चार चालीत मात म्हणून जे शिकतो ना, ते! ग्रँडमास्टरसमोर! डाव बराच लांबला आणि शशिकिरण जिंकला.

(पडद्यावर: घड्याळाचा क्लोजअप, सेकंद पळतायत)

हे सगळं ऑनलाइन चालतं कसं, त्याचं गणित साधं आहे. तीन मिनिटांचा डाव, चालीमागे एकही सेकंद वाढवून नाही. चेस डॉट कॉमवर प्रीमूव्ह, म्हणजे समोरच्याची चाल यायच्या आधीच आपली लावून ठेवणं, त्याला सेकंदाचा दहावा हिस्सा जातो. म्हणजे एक सेकंद उरला तरी दहाएक चाली निघू शकतात, अंदाज बरोबर असले तर. नाकामुराचे अंदाज बरोबर असतात. हरलेल्या पोझिशनमध्ये तो असा चिवटपणे लटकून राहतो, दर चालीला एक छोटा प्रश्न टाकतो, की समोरचा प्रत्येक वेळी दोन सेकंद देतो, दोन सेकंद देतो, आणि शेवटी जिंकलेली पोझिशन घेऊन वेळ संपल्यामुळे हरतो. ऑनलाइन स्पीड चेस चॅम्पियनशिप याने 2018 ते 2022 सलग पाच वर्षं जिंकली, ती उगाच नाही.

2023 च्या शेवटी त्याच्या 46 डावांत साडेपंचेचाळीस गुणांच्या लांबलचक रांगेकडे माजी वर्ल्ड चॅम्पियन क्रॅमनिकने बोट दाखवलं आणि नेटवर दंगा झाला. चेस डॉट कॉमने तपासून काही गैर नाही असं जाहीर केलं. मुळात हजारो डाव खेळणारा माणूस आपल्यापेक्षा कित्येक शे रेटिंग (खेळाची ताकद सांगणारा आकडा) कमी असलेल्या लोकांशी ओळीने खेळत बसला तर अशा रांगा लागणारच, गल्लीतल्या पोरांना बॉलिंग करून विकेटा काढल्यासारखं आहे ते.

पण नेमकी इथेच मला त्याची पहिली अडचण दिसते. रोज रात्री शेकडो डाव असे खेळायचे की जिथे वाईट ओपनिंगची शिक्षा होतच नाही. बी थ्री खेळला, जिंकला. राजा बाहेर काढला, जिंकला. हाताला सवय लागते की सुरुवात कशीही होऊ दे, नंतर बघून घेऊ. आणि समोरच्याकडे तीन मिनिटं असतात तोपर्यंत हे खरंच असतं.

समोरच्याकडे दोन तास असले की?

आता एक मान्य करायला पाहिजे, त्याला हे स्वतःला कळतं. 2019 नंतर दोन वर्षांहून जास्त काळ तो क्लासिकल खेळलाच नव्हता, स्ट्रीमर झाला म्हणून लोकांनी नाव टाकलं होतं. 2022 ला वाइल्डकार्डवर ग्रां प्री या निवड स्पर्धांच्या मालिकेत आला आणि अख्खी मालिका जिंकून कँडिडेट्सला, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनला आव्हान कोण देणार ते ठरवणाऱ्या स्पर्धेला, पोचला. आणि तिथला त्याचा खेळ बघा, बी थ्री वगैरे नाही, ई फोर, ई फाइव्ह, बर्लिन नावाची भक्कम ओपनिंग, सगळं कसं इस्त्री केलेलं. हा दुसराच माणूस.

पण माद्रिदच्या त्या कँडिडेट्सचा शेवटचा राउंड. समोर डिंग लिरेन, काळी मोहरी, बरोबरी केली तरी दुसरा नंबर पक्का. हरला. आणि पुढे काय झालं तर कार्लसनने किताब राखायला नकार दिला, म्हणजे दुसऱ्या नंबरचा माणूस थेट वर्ल्ड चॅम्पियनशिपची मॅच खेळला, तो डिंग, आणि डिंग वर्ल्ड चॅम्पियन झाला. एका बरोबरीची किंमत एवढी. बुलेटमध्ये, म्हणजे एकेक मिनिटाच्या खेळात, दिवसाला पन्नास डाव असतात, एक हरलात तर पुढच्या मिनिटाला दुसरा लावता. तसला विसर इथे कामाचा नाही.

(पडद्यावर: नाशिक, मग टोरांटोचं नाट्यगृह)

आता विदित गुजराथी. नाशिकचा. 2023 च्या ग्रँड स्विसमध्ये, म्हणजे कँडिडेट्सचं तिकीट देणाऱ्या स्पर्धेत, पहिलाच राउंड हरला आणि तरी स्पर्धा जिंकला, साडेआठ गुण. दुसरा कोण? नाकामुरा, आठ गुण. दोघंही 2024 च्या टोरांटो कँडिडेट्सला. दुसऱ्या राउंडला समोरासमोर, नाकामुरा पांढरा, तीच त्याची इस्त्री केलेली ओपनिंग, बर्लिनमध्ये डी थ्री, शांत, सुरक्षित. आणि अकराव्या चालीला विदितने आपला उंट देऊन राजासमोरचं एच थ्रीचं प्यादं मारलं! घरून तयार करून आणलेलं होतं. समोर बसलेला माणूस रोज रात्री हजारो लोकांसमोर असले फटके खेळून दाखवतो, आणि त्यालाच त्याच्या राजासमोर हे. नाकामुरा 47 क्लासिकल डाव हरला नव्हता, ती रांग तिथे तुटली.

तेव्हा आमच्या ग्रुपवर नुसता धिंगाणा होता, काम कोणीच केलं नाही त्या दिवशी. आणि नवव्या राउंडला विदितने पांढऱ्याकडून पुन्हा हरवलं. एका स्पर्धेत दोनदा, एकाच माणसाकडून. विदित स्वतः ती स्पर्धा सहा गुणांवर संपवतो, म्हणजे तो काही फार फॉर्मात होता असं पण नाही.

शेवटी गुकेश नऊ गुणांवर पहिला, नाकामुरा साडेआठवर आणखी दोघांबरोबर. विदितसमोरच्या त्या दोन पराभवांत एखादी बरोबरी जरी निघाली असती तरी नऊ झाले असते, गुकेशला टायब्रेक खेळावा लागला असता. हे मी गणित म्हणून सांगतोय, असं झालं असतं तर तसं झालं असतं याला पटावर काही अर्थ नसतो, पण डोक्यातून जात नाही.

मग सुधारायचं काय? त्याच्या कोचसमोर मी कोण, माझं स्वतःचं रेटिंग सांगितलं तर तुम्ही व्हिडिओ बंद कराल, पण बघणारा म्हणून दिसतं ते बोलतो. त्याच्याकडे दोन टोकं आहेत, एकीकडे ऑनलाइनची मस्ती, दुसरीकडे बर्लिनची इस्त्री, आणि मधलं काही उरलेलं नाही. बुर्साचा तो किंग्ज इंडियनवाला पोरगा मधला होता, घातक पण ठोस पायावर उभा. सुरक्षित लाइन ठरलेली असली की समोरच्याला घरी बसून नेमकं काय तयार करायचं ते कळतं, विदितला कळलं तसं. आणि जिथे जिंकणंच भाग आहे तिथे हातात धार असलेलं शस्त्र नसतं. टोरांटोच्या शेवटच्या राउंडला गुकेशसमोर पांढऱ्याकडून जिंकायलाच हवं होतं, आणि पटावर होता क्वीन्स गॅम्बिट ॲक्सेप्टेड. गुकेशने दारंखिडक्या बंद केल्या, बरोबरी.

कार्लसनचं भूत वेगळंच. क्लासिकलमध्ये बारा वेळा हरल्यावर 2016 ला बिल्बाओमध्ये पहिल्यांदा जिंकला, त्या बारांत झुरिचचा 2014 चा, जिंकत आलेला आणि तरी घालवलेला डाव पण आहे. ते ओपनिंगने सुटणारं नाही.

जाता जाता आपल्यासारख्यांसाठी. मी पण बी थ्री लावून पाहिला, महिनाभर. उंट बी टू ला जाऊन बसला आणि तिथेच म्हातारा झाला, सेंटर समोरच्याने घेतलं, रेटिंग ऐंशीने उतरलं. तो बी थ्री खेळतो कारण पुढच्या तीस चाली त्याला येतात, आपल्याला चौथी येत नाही.

(पडद्यावर: पुन्हा तोच कॅमेरा, तीच खुर्ची)

2025 मध्ये हाच माणूस, जगातला दोन नंबरच्या आसपासचा, कँडिडेट्सला पात्र व्हायला लागणारी डावांची संख्या भरायला अमेरिकेतल्या लुइझियाना, आयोवा असल्या छोट्या स्थानिक स्पर्धांत जाऊन बसला. लोक हसले. नियमात बसत होतं, त्याने केलं. ऑक्टोबरमध्ये टेक्सासच्या एका शो-मॅचमध्ये गुकेशला हरवून त्याचा राजा प्रेक्षकांत भिरकावला, त्यावर आपल्याकडे जे पेटलं ते तुम्हाला माहीतच आहे. मला ते आवडलं नाही, शो असला तरी.

पण टोरांटोमध्ये कँडिडेट्स चालू असताना हा माणूस डाव संपला की हॉटेलवर जाऊन त्याच डावाचा रिकॅप व्हिडिओ टाकायचा. विदितने उंट दिला त्या डावाचाही. मान वर, नजर छताकडे, आणि आपलं कुठे चुकलं ते चाल-चाल सांगत.