शिडांचा हिशेब

विषय जाहीर झालाय तो ‘शिडांच्या काळातली अमेरिकन जहाजचित्रं’. तिकडे वळतोच, पण आधी फिट्झ लेन. माझा जीव अडकलाय त्याच्यात.

मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर या मासेमारीच्या बंदरात १८०४ साली तो जन्मला. लहानपणीच पाय गेले, पुढे जन्मभर कुबड्या. हात तयार झाला बॉस्टनच्या शिळाछापखान्यात. तिथली रेघेची शिस्त पुढे त्याच्या तैलरंगांतही उतरली. ‘सदर्न क्रॉस’ हे क्लिपर, म्हणजे वेगवान शिडाचं जहाज, बॉस्टन बंदरातून निघालंय, असं त्याचं १८५१चं चित्र आहे. इथे कोकणातले किती जण? हात वर करा. वा, मागची अख्खी रांग! मग तुम्हाला पटेल. मालवणचे माझे काका तांडेल होते, चित्रकलेशी संबंध शून्य. या चित्राची छापील प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी आभाळ बघितलं नाही, रंग बघितले नाहीत. शिडं बघितली, दोर बघितले, आणि म्हणाले, “ह्येका वारो कळता.” लेनबद्दल याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

आणि या माणसाचं नाव विसाव्या शतकातल्या पुस्तकांनी, संग्रहालयांच्या पाट्यांनी काय लिहिलं? फिट्झ ह्यू लेन! २००५ साली जुन्या दप्तरांत कागद सापडले. नॅथॅनिएल रॉजर्स लेन या नावाच्या तरुणाने १८३१मध्ये सरकारकडे अर्ज केला होता : नाव बदलून फिट्झ हेन्री लेन करावं. ज्याने एक दोर चुकू दिला नाही, त्याच्या नावात आपण चूक केली. मागच्या वर्षी घेतलेल्या एका प्रतीवरही ‘ह्यू’च आहे. विकणाऱ्याला दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. मी तिसरं लिहिणार.

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत. तर मुद्दा. जहाजाचं चित्र मालक किंवा कप्तान सांगून काढून घ्यायचा. जहाज बाजूने, पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत पूर्ण दिसलं पाहिजे, निशाणं वाचता आली पाहिजेत. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम बंदराची जहाजं फ्रान्सच्या मार्सेयला लागली की तिथला चितारी आंत्वान रू जलरंगात काढून द्यायचा. कॅन्टनला चिनी चितारी. सेलमच्या कप्तानांनी १७९९मध्ये आपली संस्था काढली. केप ऑफ गुड होप किंवा दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घातलेल्यालाच सभासदत्व. मुंबईशीही त्यांचा व्यापार होता. तिथले पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांनी १८०३मध्ये या संस्थेला आपले कपडे भेट दिले.

या चित्रांना समीक्षक ‘कारागिरी’ म्हणून बाजूला सारतात, कारण गिऱ्हाईक अचूकपणा मागायचं. मला हे मुळीच मान्य नाही. दोर कुठे बांधलाय यावर ज्याचा जीव अवलंबून, त्याच्यासाठी तो दोर बरोबर काढणं हीच माया. घरी भिंतीवर ते चित्र बघणाऱ्या बायकोला नवरा नेमका कशावर उभा आहे ते कळायचं.

शेवटचं चित्र लावा. ‘ब्रेसेस रॉक’, १८६४. पुढच्या वर्षी लेन गेला. शीड नाही, माणूस नाही, पाणी निपचित. काठाला एक मोडकी होडी पडलीय. जरा जवळ येऊन तिच्या फळ्या बघा.